मागच्या गॅलरीतलं बिऱ्हाड

पस्तीस वर्षांचं बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय, हे ज्याचं हललंय त्यालाच कळतं. कोथरूडमधली आमची तीन मजली सोसायटी पाडून तिथे अकरा मजली इमारत उभी राहायची आहे. करारावर सह्या झाल्या, भाड्याचे चेक आले आणि ‘महिनाअखेर जागेचा ताबा द्यावा’ असं पत्रही आलं. मग घरात याद्या सुरू झाल्या. भाड्याच्या घरी काय न्यायचं, बहिणींकडे काय ठेवायचं, रद्दीत काय, बोहारणीला काय. पितळी पातेल्यांचा प्रश्न सुटला, बाबांच्या टेबलाचा सुटला, आजीच्या देवांचाही सुटला. सुटेना तो एकच. मागच्या गॅलरीत, विटक्या चादरीखाली उभ्या असलेल्या कपडे धुण्याच्या मशीनचा.

हे मशीन १९८९ सालचं. दोन टबांचं. एका बाजूला कपडे धुवायचे, मग ते ओले कपडे हातांनी उचलून दुसऱ्या बाजूला पिळायला टाकायचे. मूळचा पांढरा रंग आता जुन्या पोस्टकार्डासारखा झालाय. झाकण एका कोपऱ्यात तडकलंय. मागच्या डाव्या पायाखाली अर्धी वीट आहे, कारण ती काढली की पिळताना मशीन थरथरत चालायला लागतं. घरात २०११ मध्ये ऑटोमॅटिक मशीन आलं. पण आईनं आपली पातळं त्या मशीनला कधी दिली नाहीत. “त्यात काय चाललंय ते कळतच नाही,” असं तिचं म्हणणं. आई जाऊन चार वर्षं झाली. तिचं मशीन मात्र अजून चालतं, आणि खरी पंचाईत तिथेच होती. बिघडलेली वस्तू टाकता येते. चालती वस्तू टाकायची कशी?

मुलगा म्हणाला, “बाबा, देऊन टाक ना कुणाला तरी.”

हा ‘कुणाला तरी’ मराठी घरांतला फार सोयीचा माणूस आहे. जुने कपडे त्याला द्यायचे, मुलांची आखूड झालेली दप्तरं त्याला द्यायची, लग्नात दोनदा आलेले डबे त्याला द्यायचे. त्याचा पत्ता मात्र कुणापाशीच नसतो. मी तो पत्ता शोधायला निघालो, त्याची ही हकिगत.

आजीच्या चादरी

आधी हे मशीन घरात आलं कसं, ते सांगायला हवं. आम्ही घरात सहा माणसं. आजी, आई-बाबा, मी आणि दोन बहिणी. धुण्याला आणि भांड्यांना बाई होत्या. त्यांना आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणायचो, त्या आईला ‘वहिनी’ म्हणायच्या. सुतारदऱ्यातून चालत यायच्या. सकाळी सातला मोरीतून ब्रशचा आवाज सुरू व्हायचा आणि नऊपर्यंत कपडे काठीनं दांडीवर चढलेले असायचे. धुणं म्हणजे एक काम नव्हे, कामांची माळ होती. भिजवणं, साबण लावणं, घासणं, आपटणं, खळबळणं, पिळणं, झटकणं, वाळत घालणं. पांढऱ्या कपड्यांना नीळ किंवा टिनोपॉल, बाबांच्या शर्टांना खळ. या माळेतले सगळे मणी ज्यानं ओढलेत त्यालाच ‘परीटघडी’ या शब्दातली मेहनत कळेल.

१९८८ च्या पावसाळ्यात आजीनं अंथरूण धरलं. रोज दोन-तीन चादरी, दुपटी, तिची लुगडी. ते कपडे धुवायला बाईंनी नकार दिला, आणि तो देण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते काम आईकडे आलं. दिवसभर ती शाळेत शिकवायची. मग रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, मोरीत बसून आजीच्या चादरी धुवायची. तिच्या हातांची कातडी सोलून निघाली होती. पोळ्या लाटताना ती बोटांना खोबरेल लावायची, हे मला आठवतं. ते कशासाठी, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मी बावीस वर्षांचा घोडा होतो.

बाबा कमी बोलायचे. त्यांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि एका शनिवारी हातगाडीवरून मशीन घरी आलं. सात हजारांच्या आसपास किंमत. बाबांच्या जवळजवळ तीन पगारांएवढी. सगळा जिना बघायला जमला. तो काळच तसा होता. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनसारख्या कंपन्यांची मशीन्स नुकती मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली होती आणि दूरदर्शनवरच्या त्यांच्या जाहिराती मुलांना तोंडपाठ असायच्या. त्या रात्री आजीच्या चादरी पहिल्यांदा मशीननं धुतल्या. आई समोर स्टुलावर बसून बघत होती.

पुढे पुष्कळ वर्षांनी हान्स रोसलिंग या स्वीडिश डॉक्टरांचं २०१० मधलं एक भाषण ऐकलं. त्यांच्या लहानपणी घरी पहिलं वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्यांची आजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली आणि कपडे धुऊन होईपर्यंत बघतच राहिली, असं ते सांगतात. जन्मभर लाकडं पेटवून, पाणी तापवून जिनं धुणं धुतलं, तिला तो चमत्कार वाटणारच. रोसलिंग यांची आई त्यांना म्हणाली, आता आपल्याला वाचनालयात जाता येईल. ते ऐकताना मला स्टुलावर बसलेली आई दिसली. तिनंही पुढे बाहेरून एम. ए. केलं. ते मशीनमुळे केलं असं म्हणणार नाही. पण रात्रीचे अकरा ते साडेबारा तिला परत मिळाले, एवढं खरं.

भाव काय द्याल?

तर अशा मशीनला घर शोधायचं. पहिला अर्थातच भंगारवाला. त्यानं चादर उचलली, मशीन एका बाजूनं तोललं आणि म्हणाला, “सहाशे.” मी म्हटलं, चालू आहे. तो म्हणाला, “चालू असो की बंद, काटा तोच.” त्याच्या लेखी ते मशीन नव्हतंच. दोन मोटरींतली तार, थोडं लोखंड आणि बाकी प्लॅस्टिक, एवढंच होतं. त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या धंद्यात आठवणींना वजन नसतं.

मग दुकान. नवीन घेतलंत तर जुन्याचे हजार रुपये वळते करू, असं तिथल्या मुलानं सांगितलं. पुढे याचं काय होतं, असं विचारल्यावर तो गोंधळला. आजवर कुणी विचारलं नसावं. जुन्या विद्युत वस्तूंचं काय करायचं याचे नियम आपल्याकडे २०११ पासून आहेत, आणि वॉशिंग मशीन त्या यादीत पहिल्यापासून आहे. १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे सुधारित नियम लागू झाले. उत्पादकानं आपल्या वस्तूच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, तोडमोड नोंदणी झालेल्यांनीच करावी, असा त्यांचा रोख. दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही त्यात नोंद आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण ज्या वस्तूचा शेवट अजून आलेलाच नाही, तिला कचरा म्हणून कुठे नोंदवायचं?

नातेवाईकांत फोन फिरले. भाची म्हणाली, “मामा, हातानं उचलून दुसऱ्या टबात टाकायचे? मग मशीन कशाला?” एका वृद्धाश्रमाला विचारलं. तिथल्या बाई सरळ बोलल्या. “रागावू नका, पण जुन्या वस्तू ठेवायला आम्ही एक खोली अडवून बसलोय. लोकांना घर रिकामं करायचं असतं आणि आम्हाला नाही म्हणता येत नाही.” मला राग आला नाही; लाज वाटली. दान आणि अडगळ यांच्यातली सीमा किती पातळ असते, ते देणाऱ्याला कधी दिसत नाही.

एका मित्रानं थट्टेनं केळकर संग्रहालय सुचवलं. थट्टा खरी, पण मी विचारात पडलो. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी, दौती अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. या वस्तू त्यांनी गोळा केल्या तेव्हा त्याही कुणाच्या तरी घरची अडगळच असणार. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांनी तर नुसती कपडे धुण्याची हजाराहून जास्त यंत्रं जमवली. हातानं फिरवायची, पायानं हलवायची, लाकडाच्या पिंपांची. पण आमचं मशीन संग्रहालयात जाण्याइतकं म्हातारं नाही आणि घरात राहण्याइतकं तरुणही नाही. नव्यातून उठलेल्या आणि जुन्यात न बसणाऱ्या वस्तूंचे हे मधले दिवस फार वाईट. बहुतेक वस्तू याच दिवसांत भंगारात जातात. म्हणूनच पुढे उरलेल्या एक-दोन दुर्मीळ ठरतात.

बादलीभर पाणी

शेवटी आमच्या जुन्या मेकॅनिकला बोलावलं. कुणाला द्यायचंच तर ते नीट करून द्यावं, हा विचार. त्यांनी मागचं पॅनेल उघडलं आणि मला ते मशीन पहिल्यांदाच आतून दिसलं. आत बघण्यासारखं इतकं थोडं असेल असं वाटलं नव्हतं. धुण्याच्या टबाखाली एक मोटर, तिच्यावरून पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला चाक. ते चाक टबाच्या तळातली चकती फिरवतं. थोडा वेळ उजवीकडे, थोडा वेळ डावीकडे. पाण्याला भोवरा येतो आणि कपडे एकमेकांवर घासले जातात. दिशा बदलण्याचं काम वरचा टायमर करतो. घड्याळासारखी किल्ली बसणारा, टिकटिकणारा. पिळण्याच्या बाजूला दुसरी मोटर आणि भोकांचं पिंप. झाकण उचललं की ब्रेक लागतो. संपलं.

“साहेब, ह्याच्यात बोर्ड नाही,” मेकॅनिक म्हणाले. “आजच्या मशीनचा बोर्ड गेला की निम्मी किंमत गेली. ह्याचा पट्टा, टायमर, पिंपाखालचं रबर, सगळं बाजारात मिळतं, नाही मिळालं तर दुसऱ्याचं बसवता येतं.” मग पट्टा बदलता बदलता ते सहज बोलून गेले, “आणि ह्याला नळाला प्रेशर लागत नाही. बादलीनं पाणी ओतलं तरी चालतं. म्हणून तर गावाकडं अजून हीच मशीन खपतात.”

या वाक्यावर मी थांबलो. इतके दिवस मी मशीनसाठी घर शोधत होतो ते माझ्यासारख्या माणसांची, टाकी भरलेली, चोवीस तास नळ असलेली. त्या घरांना याची गरजच नव्हती. ज्या घरात पाणी तासभर येतं आणि पिंपात भरून ठेवावं लागतं, तिथे हे मशीन उपयोगाचं. आणि असं एक घर मला चांगलं माहीत होतं.

पण तिथे जाण्याआधी आणखी एक गोष्ट घडली. माळा आवरताना आईच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. दर महिन्याला एक पान, जमा आणि खर्च, तिच्या गोल अक्षरात. सहज १९८९ ची वही काढली. जुलैच्या पानावर लिहिलं होतं: ‘मशीनचा हप्ता २१०. बाई, फक्त भांडी, ५५. धुणे बंद, शिल्लक ७०.’

तीन ओळी. पुढच्या तीन वर्षांच्या प्रत्येक महिन्यात त्याच. म्हणजे जे मशीन आईचे हात वाचवायला आलं, त्याच्या हप्त्यातले सत्तर रुपये बाईंच्या पगारातून गेले होते. आम्हा मुलांना एवढंच माहीत होतं की मशीन आलं आणि बाईंचं काम हलकं झालं. हलकं झालं ते काम, की पदरातला पैसा, हा प्रश्न घरात कुणी काढला नव्हता. आईनं मात्र तो दर महिन्याला स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला होता.

काम गेलं कुठे?

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये घरकामाच्या यंत्रांच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं : यंत्रं आली, पण गृहिणीचा घरकामाचा वेळ वाटला तितका कमी झाला नाही. आधी धुणं बाहेर जायचं, धोबिणीकडे, लाँड्रीत. मशीन आलं तसं ते घरात परतलं आणि घरातल्या बाईच्या गळ्यात पडलं. शिवाय स्वच्छतेच्या कल्पना वाढल्या. दोन दिवस चालणारा शर्ट एका दिवसात मळू लागला. आमच्या घरी हेच झालं. मशीन आलं ते आजीच्या चादरींसाठी. दोन महिन्यांत सहा जणांचं सगळं धुणं त्यात गेलं. बाईंचं काम आईकडे आलं आणि माझे टॉवेल रोज धुण्यात पडू लागले. ते मी स्वतः मशीनमध्ये टाकावेत, हे मशीननं मला शिकवलं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं भरला, पुरुषाचा ९७.

बाईंच्या बाजूनंही एक इतिहास आहे. १९८० साली याच पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी आपणहून संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी, आजारपणाची रजा, दिवाळीचा बोनस असल्या मागण्या त्यांनी पहिल्यांदा दारोदारी मांडायला लावल्या. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा राज्यात झाला तो २००८ मध्ये. मशीन आलं म्हणून काम गेलं तर काय, याचं उत्तर तेव्हाही कुणापाशी नव्हतं आणि आजही नाही.

बाईंनी आमच्याकडची भांडी पुढे चौदा वर्षं केली. मग गुडघ्यांनी नाही म्हटलं. आईच्या तेराव्याला त्या मुलाच्या रिक्षातून आल्या होत्या. त्यांच्या वस्तीचं पुनर्वसन होऊन त्यांना इमारतीत घर मिळालंय आणि सून तिथेच पाळणाघर चालवते, असं तेव्हा बोलण्यात आलं होतं. मुलाचा नंबर बायकोच्या वहीत सापडला. एका रविवारी आम्ही दोघं गेलो.

पाचवा मजला, लिफ्ट बंद. पावणेतीनशे चौरस फुटांच्या आतबाहेरचं घर, पण टापटीप. भिंतीला लागून दुपट्यांच्या घड्या. सून म्हणाली, सात मुलं येतात, सगळी तीन वर्षांच्या आतली. त्यांच्या आया कामाला जातात. कुणी धुण्याभांड्याला, कुणी मॉलमध्ये. पाणी सकाळी तासभर. मोरीत दोन पिंपं भरलेली, आणि बाजूला बादलीत भिजलेली चादरींची रास. पावसाळ्यात वाळत नाही काही, ती म्हणाली, पंख्याखाली घालतो.

मी आलो त्या कामाचं बोललो. आणि बोलायचं ठरवलं नव्हतं तेही बोललो. वहीतलं. सत्तर रुपयांचं. बाई पलंगावर भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, “मला ठाऊक होतं की. वहिनींनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाल्या, बाई, हप्ता जड जातोय, तुमचं धुणं बंद करावं लागतंय. मला राग आला होता. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग खालच्या गल्लीत दुसरं घर धरलं.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “त्या म्हातारीच्या चादरी मी नको म्हटलं, हे वहिनींनी कधी काढलं नाही. मीही सत्तर रुपयांचं काढलं नाही.”

दोघींचा हिशेब केव्हाच मिटला होता. मीच तीस-पस्तीस वर्षांनी वही उघडून बसलो होतो.

मग त्यांनी कामाचं विचारलं. चालू आहे का, वीज किती खातं, मुलांनी झाकण उघडलं तर? झाकण उघडलं की पिंप थांबतं, हे ऐकल्यावर सुनेकडे बघून मान हलवली. “भंगारवाला काय देतो?” मी सांगितलं, सहाशे. “मग सहाशे घ्या.” मी नको म्हणू लागलो तर बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. सुनेनं डब्यातून शंभराच्या सहा नोटा मोजून दिल्या. फुकट आलेली वस्तू घरात अडगळ होते. पैसे मोजलेली वस्तू घरची होते. वृद्धाश्रमातल्या बाईंनी हेच सांगायचा प्रयत्न केला होता.

पुढच्या रविवारी टेम्पोतून मशीन गेलं. बाईंच्या मुलानं आणि माझ्या मुलानं मिळून ते पाच मजले चढवलं. चौथ्या मजल्यावर दोघांनी बसून चहा घेतला. पाण्याचा पाइप मोरीत सोडला, बादलीनं टब भरला, टायमर फिरवला. पाळणाघरातली दोन मुलं तिथेच राहणारी. ती मशीनसमोर बसून भोवरा बघत राहिली. अर्धी वीट मी पिशवीतून नेली होती. ती मागच्या डाव्या पायाखाली सरकवून सुनेला दाखवली.

घरी येऊन आईची शेवटची वही काढली. ती जाण्याआधीच्या महिन्यापर्यंत भरलेली होती. पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलं : ‘जमा, मशीनचे, ६००.’ अक्षर तिच्यासारखं गोल येत नाही.

आठ दिवसांनी भाड्याच्या घरात सामान लावत असताना सुनेचा फोन आला. “काका, पिळताना शेवटी शेवटी खडखड आवाज येतो. काही बिघडलंय का? हे बघा, ऐका.” तिनं फोन मशीनजवळ धरला. खोक्यांच्या ढिगात उभा राहून मी तो आवाज पुरा ऐकला, पिंप थांबेपर्यंत.

“काही बिघडलेलं नाही,” मी म्हटलं. “ते असंच वाजतं. वीट जरा आत सरकवा.”